पायाले इचार

माझ्यावर सर्वांत अधिक उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी श्रीपत इंगळे हे नाव सांगतो. ऐकणारा थोडा घोटाळतो. त्याला एखाद्या हेडमास्तरांचे किंवा प्राचार्यांचे नाव अपेक्षित असते. श्रीपतमामा बुलढाण्याच्या एका लहानशा जिमखान्यात टेनिसचे मार्कर होते. मार्कर म्हणजे कोर्टाची निगा राखणारा, जाळी बांधणारा, आणि ज्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही त्याच्याबरोबर खेळणारा पगारी माणूस. त्यांना स्वतःची सही करता येत होती, त्यापुढे अक्षर येत नव्हते. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो तो या माणसामुळे.

मामांची एक सवय गावात सगळ्यांना ठाऊक होती. रोज उजाडताच ते आपले कॅनव्हासचे बूट पायरीवर काढून ठेवत आणि अनवाणी सबंध कोर्टावर फिरत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग हातभर सरकून परत, तिफण चालवावी तसे. मध्येच थांबून टाचेने जमीन दाबून पाहत. कोर्ट शेणामातीचे होते. खाली ठोकून बसवलेला मुरूम, त्यावर पिवळी माती, आणि वर दर पंधरा दिवसांनी ताकासारखे पातळ सारवण. कुठे भेग पडली, कुठे ओल धरली, कुठे चेंडू उसळण्याऐवजी बसून जाईल, हे त्यांना तळव्याने कळे. एखाद्या साहेबाने घाई केली, "श्रीपत, झालं का?" तर ते मान वर न करता म्हणत, "पायाले इचारून राह्यलो साहेब. तो हाव म्हनला का या."

आणि साहेब लोक खरोखर थांबत. कारण हा मार्कर साधा नव्हता. अकोल्याला दरवर्षी जे खुले सामने होत, त्यांत मार्कर लोकांनाही घेत, आणि मामांनी ते सामने लागोपाठ सात वर्षे जिंकले होते. वऱ्हाडात त्यांना हरवणारा कोणी नव्हता. चांदीचे कप जिमखान्याच्या काचेच्या कपाटात होते. मामी म्हणत, "कप तिकडं कपाटात, अन् पायातले कुरूपं माह्या घरात."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो शिव्या खायलाच. आमचे घर उंद्रीचे, भाजीपाल्याचे. मी बुलढाण्याला कॉलेजात नाव घातले होते आणि बाजाराच्या दिवशी वडिलांची पाटी घेऊन दारोदार जात असे. जिमखान्याच्या स्वयंपाक्याकडे वांगी पोचवायची होती. लांबचा फेरा नको म्हणून डोक्यावर पाटी घेऊन मी सरळ कोर्टावरून निघालो, आणि पायात नाल मारलेल्या वहाणा.

"ए! उभा राह्य! जिथं हायस तिथंच उभा राह्य!"

मी थिजलो. एक उंच, काळासावळा, पांढरी अर्धी चड्डी घातलेला माणूस माझ्याकडे धावत आला. "पायतान काढ बे. हे देऊळ नाई, पन काढ." मी वहाणा काढल्या. मला वाटले, आता मार बसणार. पण ते खाली बसले आणि माझ्या वहाणांच्या खुणा बघू लागले. एकेका खुणेवर पाणी शिंपडून अंगठ्याने ती दाबत ते हळूहळू पुढे सरकत होते. शेवटच्या खुणेशी पोचल्यावर वर पाहून म्हणाले, "कोन्या गावचा?"

"उंद्रीचा."

"वाफ्यायमधून चालाची सवय हाय?"

"हाव."

"तरीच. डोक्स्यावर येवढी पाटी अन् पाऊल सुतासारखं सरळ. एकई खून वाकडी नाई. रोपं तुडवनाऱ्याचा पाय नाई हा." मग स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, "वांगे दे अन् इकडंच परत ये. अनवानी."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. सकाळी कॉलेजच्या आधी मी पाणी शिंपडायला जाई. मोठा दगडी रूळ आम्ही दोघे ओढत असू. एक जुनी रॅकेट त्यांनी मला दिली. तिच्या ताती तीनदा बदललेल्या होत्या आणि मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. चेंडू साहेब लोकांनी टाकून दिलेले, लोकर झिजलेले; मामा त्यांना 'टकले' म्हणत. "टकल्यावर शिकला का नव्यावर डोये मिटून खेळशीन."

पण खेळायला मिळे ते एका अटीवर. आदल्या दिवशी इंग्रजीचे जे वाचले असेल ते मोठ्याने म्हणून दाखवायचे. मामा रूळ ओढत आणि मी बाजूने पुस्तक घेऊन चालत वाची. एकदा मी म्हणालो, "मामा, तुमाले तं इंग्रजी येत नाई. मी काईबी वाचलं तरी तुमाले काय समजन?" ते थांबले. "इंग्रजी नाई समजत. तुहा आवाज कुठं अडखळते ते समजते. तिथं तुले समजलं नाई. परत वाच." आणि ते कधी चुकले नाहीत. जिथे मी शब्द गिळून पुढे सरकत असे, तिथेच रूळ थांबे. माझी शब्दकोशाशी ओळख अशी रूळ थांबल्यामुळे झाली.

मार्करच्या कामातला एक भाग मला बरेच दिवस उमगला नव्हता. वऱ्हाडचा हा विजेता बुलढाण्यात रोज हरत असे. संध्याकाळी कोणी इंजिनियर, कोणी डॉक्टर, कोणी मुन्सफ त्यांच्याशी खेळे आणि सात-पाच, सहा-चार असे जिंकून, घाम पुसत, खुशीत घरी जाई. मला ते बघवत नसे. एकदा मी चिडून म्हणालो, "काऊन हारता तुमी असे?"

मामा चेंडू मोजून पिशवीत भरत होते. "तुले वाटते हारनं सोपं हाय. अबे, गचकन हारलो तं साहेब म्हनन, श्रीपत माही गंमत करते. जिंकलो तं उद्या येनार नाई. त्याले झुंजोत झुंजोत वर न्याचं, घाम काढाचा, अन् शेवटच्या दोन चेंडूत सोडून द्याचं, ते बी त्याले समजू न देता. हे शिकाले माहे पंधरा वर्सं गेले. जिंकाले तीनच गेले होते." हे त्यांनी हसत सांगितले. मीही हसलो. त्यात हसण्यासारखे काही नव्हते हे तेव्हा मला कळले नाही.

माझ्याशी खेळतानाही ते दोन-तीन गेम मला देत. मला वाटे, मी ते कमावले. चौथ्या वर्षी मी एकदा चार गेम काढले, आणि तो दिवस मी छाती काढून फिरलो.

त्याच वर्षी मामा निवृत्त होणार होते. गुडघा दुखू लागला होता, आणि जिमखान्यातल्या मंडळींनाही टेनिसचे फारसे प्रेम उरले नव्हते. चेंडू मिळत नसत, जुने अधिकारी बदलून गेले, नव्यांना पत्ते आवडत. कमिटीत विषय निघाला, की श्रीपत गेल्यावर हे कोर्ट सांभाळणार कोण? त्यापेक्षा उकरून तिथे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधाव्यात. जिमखान्याचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते, टेनिसवेडे. त्यांनी मामांना आणि मला बोलावून घेतले.

"श्रीपत, मी कमिटीला सांगितलंय, तुझ्या जागी माणूस तयार आहे. ते म्हणतात, दाखवा. तुझ्या निरोपाच्या दिवशी तू आणि भगवान सामना खेळा. भगवाननं तुझ्याकडून एक सेट काढला की मी त्याच दिवशी त्याला मार्कर म्हणून नेमतो. कोर्ट राहील. नाहीतर खोल्या." मग त्यांनी चष्म्यावरून मामांकडे पाहिले आणि किंचित हसले. "एकच सेट, श्रीपत. तुला जास्त सांगायला नको."

"समजलं साहेब," मामा म्हणाले.

मी हवेत होतो. मामांचे कोर्ट वाचणार होते, आणि ते माझ्या हातून वाचणार होते. बाहेर आल्यावर लिंबाखाली मामांनी विचारले, "अन् परीक्षेचं?" माझी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा अमरावतीच्या केंद्रावर होती, सामन्यानंतर चारच दिवसांनी. नेमणूक झाली असती तर त्याच दिवसापासून कामावर हजर राहायचे होते.

"परीक्षा पुढच्या वरसी देतो मामा. कोर्ट राह्यलं पाह्यजे."

"पुढचं वरीस कोनाच्या घरचं हाय?" असे म्हणून ते कोर्टाकडे तोंड करून रुळावर बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हे गेलं तं या जिल्ह्यातल्या पोरायले टेनिस हा शब्द तुह्या त्या डिक्शनरीतच पाहा लागन." मला वाटले, त्यांनी मान्य केले.

निरोपाच्या आदल्या दिवशी मामा सामान हलवायला आपल्या गावी, साखरखेर्ड्याकडे गेले होते. माझी माय उंद्रीहून आली होती. तिने कोर्ट पाहिले आणि मला विचारले, "हे असंच ठेवतं काय रे उद्यासाठी?" मी सांगितले, आठ दिवसांपूर्वीच सारवले आहे. ती रागावली. "ज्या मानसानं माह्या लेकराले शिकोलं त्याच्या निरोपाले आंगन शिळं ठेवाचं? जाय, शेन आन."

मला हे सुचले कसे नाही याचीच लाज वाटली. आम्ही मायलेकांनी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कोर्ट सारवले. तेही पातळ नव्हे. लग्नाचा मांडव सारवावा तसे दाट, एका हाताच्या जागी दोन हात. मामांनी चार वर्षे मला सांगितले होते, सारवण ताकासारखे पाहिजे आणि वर दीड दिवस ऊन पाहिजे. ते त्या दिवशी मला आठवलेच नाही. पाहुणा येणार म्हणजे अंगण कोरे पाहिजे, एवढेच रक्तात होते. मायने वर दोन्ही बाजूंच्या शेवटच्या रेषेजवळ चुन्याची छोटी रांगोळी काढली.

सकाळी मामा आले. पायरीवर बूट काढले. कोर्टावर पहिले पाऊल ठेवले आणि थांबले. मग नेहमीसारखे सगळे फिरले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काही दिसले नाही. परत येऊन त्यांनी मायला हात जोडले. "वयनी, लय सुंदर सारवलं. असं तं माह्या लग्नातई नवतं सारवलं."

"पाय काय म्हनते मामा?" मी विचारले.

"पाय म्हनते, आज बूट नोको."

आणि खरेच, ते अनवाणी खेळले. त्या सामन्याला गाव लोटले होते. स्टँडवरचे, कचेरीतले, कॉलेजची मुले. पहिल्या पाच मिनिटांत मला कळले की काय झाले आहे. वरून कोरडी खपली आणि आत लोणी. धावलो की खपली फुटे आणि बूट सरके. चेंडू पडे तो तिथेच झोपे. आणि मामा? त्यांना मी असे खेळताना कधीच पाहिले नव्हते. चेंडू जाळीवरून बोटभर वर येई आणि जिथे मी नाही तिथेच पडे. मी पुढे धावलो की डोक्यावरून, मागे सरलो की पायाशी. मी तीनदा पडलो. लोक ओरडत होते, "अबे भगवान्या, खेळाले आला का सारवाले?" माझ्या बाजूची मायची रांगोळी पहिल्याच गेममध्ये माझ्या बुटांनी पुसली गेली. मामांच्या बाजूची मात्र, बाजू बदलेपर्यंत, त्यांच्या पायांतून तशीच राहिली.

पहिला सेट सहा-शून्य झाला. सेट संपताच वकीलसाहेब खुर्चीतून उठून आले. हळूच, पण मला ऐकू येईल असे म्हणाले, "श्रीपत! अरे, एक सेट!"

"हाव साहेब," मामा म्हणाले, आणि पलीकडे गेले.

दुसऱ्या सेटमध्येही तेच. पाच-शून्यवर मला एक संधी आली. तो गेम माझा व्हायला एकच चेंडू हवा होता. मी सारा जीव ओतून कोपऱ्यात मारला. मामा धावले, घसरले, एक गुडघा जमिनीवर टेकला. तो चेंडू त्यांनी सोडला असता तर कोणाला काही कळले नसते. आयुष्यभर त्यांनी असले चेंडू सोडलेच होते. पण त्यांनी गुडघ्यावरूनच रॅकेट फिरवली आणि चेंडू माझ्या मागच्या रेषेवर, चुन्याची धूळ उडवत पडला. त्यानंतरचे दोन चेंडू मला दिसलेही नाहीत. डोळ्यांत पाणी होते. सहा-शून्य, सहा-शून्य.

वकीलसाहेब धावत आले. "हे काही खरं नाही. सारवण ओलं होतं. कमिटीला मी सांगतो. चार दिवसांनी पुन्हा घेऊ."

मामा गुडघ्यावरचे शेण पुसत होते. "चार दिवसांनी याची अमरावतीले परीक्षा हाय साहेब. अन् माही नौकरी आजच सरली. आता मी कोनाच्या सांगन्यावरून खेळत नसतो." आवाज चढलेला नव्हता. त्यांनी साहेबांना इतके लांब उत्तर दिलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सारवन वलं होतं बे. मनाले लावून घेऊ नोको. जाय, पुस्तकं बांध."

तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला अमरावतीच्या गाडीत बसवून दिले. खिडकीतून गुळ-शेंगदाण्यांची पुडी दिली. मी त्यांच्याशी धड बोललो नाही. गाडी हलली तरी ते हात वर न करता उभे होते, चेंडू येण्याची वाट बघत उभे राहत तसे, थोडे पुढे झुकून.

मी पास झालो. बुलढाण्याला परतलो तेव्हा कोर्ट उकरलेले होते. खोल्यांच्या पायासाठी चाऱ्या खणल्या होत्या, आणि चारीच्या कडेला सारवणाचे थर दिसत होते, एकावर एक, वहीच्या पानांसारखे पातळ. किती वर्षांचे असतील कोण जाणे. सगळ्यांत वरचा थर मात्र बोटभर जाड होता. तो माझा. मी तिथे जास्त वेळ उभा राहू शकलो नाही.

मामा आपल्या गावी गेले होते. मी त्यांना भेटायला गेलो नाही. मला मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावी शाळेत नोकरी लागली. तिथून साखरखेर्डा काही लांब नाही. तरीही चार वर्षे मी गेलो नाही. ज्या माणसाने मला पायाला विचारायला शिकवले, त्याचे कोर्ट मी न विचारता सारवले आणि घालवले. आता कोणत्या तोंडाने जायचे, असे वाटे. बी.ए.ची सनद घरात टांगली होती, तिच्याकडे बघतानाही मला तो जाड थर आठवे.

मग एकदा शाळेच्या कामासाठी साखरखेर्ड्याच्या बाजारात गेलो होतो. मिरच्यांच्या ढिगापाशी मागून आवाज आला, "काऊन रे भगवान, पाय मोडला काय तुहा, का आमच्याकडची एस.टी. बंद झाली?"

मामी होत्या. केस सगळे पिकले होते. मी पाया पडलो. मामा कुठे आहेत विचारले, तर लेकीकडे गेलेले, दोन दिवसांनी येणार. मामींनी शेवटी विचारलेच, "काऊन आला नाईस इतके दिवस?" माझ्याने राहवले नाही. मी सांगून टाकले, "मामी, माह्या सारवनानं मामाचं कोर्ट गेलं."

 मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे येड्या! ते सारवन तुह्या वाईटाचं नवतं, त्यायच्या वाईटाचं होतं. तू जवान पोरगा, पडला तं उठला. पन पन्नाशी उलटलेला मानूस वल्या जमिनीवर दुखरा गुडघा घेऊन पयते! पंधरा दिवस शेकत होती मी तो गुडघा. म्हनलं, एक सेट देऊन टाकला असता तं काय बिघडत होतं? सारी जिंदगी देतच आले ना. कोर्ट तं राह्यलं असतं!"

"मंग काय म्हनले मामा?"

मामींनी हातातली मिरची खाली ठेवली. "म्हनले, 'सारी उमर साहेबायले जिंकोलं. आज भगवान्याले जिंकोलं असतं, तं उद्यापासून तोई साहेबायले जिंकोत बसला असता. खेळ राहाले पाह्यजे, पन असा मार्कर राहाले नोको.' येवढं बोलले अन् भितीकडं तोंड केलं. दोन दिवस जेवले नाई. कोर्टासाठी." मग म्हणाल्या, "अन् हेई म्हनले, पोरानं मले घाम फोडला. पयल्यांदा कोनासंग तरी मनापासून खेळलो."

गाडीची वेळ झाली होती.  घरी पोचल्याबरोबर मी मामांना पत्र लिहिले. ते वाचून दाखवायला त्यांचा नातू होता.

उत्तर आले नाही. पण आठ दिवसांनी साखरखेर्ड्याच्या गाडीच्या कंडक्टरने शाळेपुढे गाडी थांबवून एक बांबूची काठी माझ्या हातात दिली. "श्रीपतबुवानं देली मास्तर. म्हने, जाळी याच्यानंच मोज, इसरू नोको." ती मामांची जाळीची काठी होती. जाळी मधोमध किती उंच असावी, त्या उंचीवर तिला एक खाच आहे. वर्षानुवर्षे त्यांच्या अंगठ्याने ती खाच गुळगुळीत झाली आहे. मामा स्वतः मात्र आले नाहीत. दिवाळीच्या सुटीत आपणच जाऊ आणि त्यांना गाडीत बसवून घेऊन येऊ, असे मी ठरवले होते. त्याच्या आधीच ते गेले.

तेराव्या दिवसाला गेलो तेव्हा मामींनी ते पत्र मला परत दिले. पुष्कळदा घडी घातल्याने ते चार ठिकाणी फाटले होते. म्हणाल्या, नातवाला रोज वाचायला लावत. वाचताना तो जिथे अडखळे, तिथून पुन्हा.

ते पत्र असे:

तीर्थस्वरूप मामांस,

भगवानचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा बाजारात मामी भेटल्या. त्यांनी सगळे सांगितले. चार वर्षे मी चुकीच्या गोष्टीसाठी रडत होतो. तुम्हाला ते ठाऊक असणारच, तरी तुम्ही निरोप पाठवला नाही. माझे मलाच कळावे म्हणून थांबलात का? की मी येत नाही म्हणून तुम्हालाही वाईट वाटले? वाटले असेल तर मला माफ करा.

मामा, मला वाटत होते की त्या दिवशी तुम्ही मला काहीच दिले नाही. एक गेमही नाही. आता कळते की त्याआधी चार वर्षे दिले ते सगळे उसने होते, आणि माझे स्वतःचे असे त्याच दिवशी मिळाले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शाळेमागे पडीक जागा आहे. हेडमास्तरांना विचारून मी आणि आठवी-नववीच्या मुलांनी ती सपाट केली. मुरूम ठोकला. पिवळी माती तलावावरून आणली. तुमच्यासारखा मोठा रूळ नाही, म्हणून ज्वारीच्या खळ्यावरचा आणला. जाळी सुतळीची विणली आहे. रॅकेट सध्या दोनच आहेत, त्यातली एक तुमची, ट्यूबच्या पट्टीची. मुलांनी ही गोष्ट कधी पाहिलेली नाही. एक मुलगी आहे, बौद्धवाड्यातली, ती चेंडूकडे धावत नाही. चेंडू येणार तिथे आधीच जाऊन उभी राहते. तिला कोणी शिकवलेले नाही. तुम्ही पाहिली पाहिजे.

इथे पगार घेऊन कोणी हरणार नाही. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले आहे. त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. न कळो.

काल सारवले. ताकासारखे, पातळ, एकच हात. माय म्हणाली, अजून एक हात फिरव. मी ऐकले नाही. मुले रॅकेट घेऊन काठावर बसली आहेत आणि रोज विचारतात, सर, कधी? आज सकाळी वहाणा काढून मी सगळीकडे फिरलो. माझा पाय म्हणतो, झाले. पण मामा, माझ्या पायावर माझा अजून विश्वास नाही.

तुम्ही या. एकदा चालून जा. तोवर मी कोणाला खेळू देत नाही.

तुमचा,
भगवान